सगळ्यांना झेपेल असा गड शोधूच नका

प्रश्न : आमची कोथरूडमधली सोसायटी. दरवर्षी थंडीत एक दिवसाचा ट्रेक असतो. गेल्या वर्षी राजगड केला. गुंजवण्याहून चोर दरवाज्याच्या वाटेने तरुण मंडळी भराभर वर गेली. निम्मे लोक रेलिंगचा टप्पा बघून खालूनच फिरले आणि गावात येऊन तीन-चार तास बसून राहिले. वरची मंडळी पाच वाजता उतरली. परतीच्या बसमध्ये कोणी कोणाशी धड बोललं नाही. यंदा आयोजन माझ्या गळ्यात पडलंय. आम्ही २४ जण. सगळ्यात लहान मुलगी ८ वर्षांची, सगळ्यात मोठे काका ७२चे. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलेली पाच-सहा मुलं आहेत, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेले एक गृहस्थ आहेत, गुडघा बदललेल्या एक काकू आहेत आणि बाकी सगळे माझ्यासारखे, लिफ्ट बंद पडली की कुरकुरणारे. सगळ्यांना झेपेल आणि मुलांनाही कंटाळा येणार नाही असा एक गड सुचवाल का? वर्गणी सगळ्यांची सारखी ठेवावी का, यावरूनही वाद सुरू आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, असा गड नाही. काकूंना जो झेपेल तो नळीची वाट चढलेली पोरं अर्ध्या तासात उरकून मोबाईल काढून बसतील. पोरांना जो ‘भारी’ वाटेल तिथे काकू पायथ्याच्या टपरीवर तिसरा चहा घेत असतील. आणि मध्यम अवघड निवडलात तर दोन्हीकडचे नाराज. तेव्हा सोपा की अवघड हा प्रश्न सोडून द्या. एकाच जागेवरून तीन वेगवेगळ्या चाली निघतात का, त्या तिन्ही ठरल्या वेळी एका जागी येऊन मिळतात का, आणि मध्येच थांबलेल्या माणसाला तिथे बघायला काही आहे का, एवढंच पाहा.

राजगडावर तुमचं बिनसलं ते यामुळेच. गुंजवण्याची वाट एकच. ती चढायची नाहीतर गावात बसायचं. पालीकडून पायऱ्यांची वाट आहे, ती जरा दयाळू. पण मिश्र गटासाठी राजगड मुळात मोठाच.

तुमच्यासाठी मी लोहगड-विसापूरची जोडी सुचवतो. लोहगड म्हटल्यावर सेक्रेटरीसाहेब नाक मुरडतील, ‘तो तर शाळेच्या सहलीचा’ म्हणतील. मुरडू द्या. जोडीतला विसापूर कधी धड पाहिलाय का, एवढं त्यांना विचारा. दोन्ही गड गायमुख खिंडीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे आहेत. लोहगड साधारण ३४०० फूट, विसापूर त्याहून थोडा उंच आणि माथ्याने कितीतरी ऐसपैस. या उंचीपायीच १८१८ साली इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड न लढताच त्यांच्या हाती आला. लोहगडाला पायथ्याच्या वाडीपासून थेट माथ्यापर्यंत पायऱ्या आहेत. विसापूरला झाडी, दगडधोंडे आणि ओढ्याच्या घळीतली वाट. म्हणजे पोरांसाठी विसापूर, बहुतेकांसाठी लोहगड आणि ज्यांना फार चढायचं नाही त्यांच्यासाठी खिंड, वाडी, पहिला दरवाजा आणि खाली भाजे गावातली लेणी. सगळं एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात.

जागा ठरली, आता माणसांकडे वळू. त्यात जास्त अडचणी आहेत.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘कोणाला चढायला त्रास होतो का?’ असं विचारू नका. चारचौघांत कोणी हो म्हणत नाही. दमा असलेला माणूसही अंगठा दाखवून मोकळा होतो. त्याऐवजी ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधी एका रविवारी सकाळी सगळ्यांना पर्वतीवर बोलवा. १०३ पायऱ्या आहेत. दर्शन घ्या, खाली या, पाणी प्या आणि पुन्हा चढा. गंमत दुसऱ्या फेरीत आहे. पहिली फेरी हौसेवर निघते. दुसऱ्या फेरीत कोण बोलत बोलत चढतोय, कोणाची वाक्यं तुटतायत, कोण कठड्याला धरून उतरतोय आणि कोण ‘मी इथेच फोटो काढतो’ म्हणतोय, हे मुकाट्याने बघून ठेवा. चढताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर तो वेग त्या माणसाला मानवतो. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त होतोय. याला घड्याळ नको, ॲप नको. त्या दिवशी घरी गेल्यावर तुमचे तीन गट आपोआप तयार झालेले असतील. वयावरून तुम्ही केलेले अंदाज निम्मे तरी चुकलेले असतील, हेही सांगून ठेवतो. रोज तळजाईला फिरणारे ७२चे काका आयटीतल्या पस्तिशीच्या पोराला मागे टाकतात, हे नेहमीचं आहे.

गटांना ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘सोपा गट’, ‘ज्येष्ठ गट’ अशी नावं देऊ नका. विसापूरवाले, लोहगडवाले, खिंडवाले म्हणा. लहानपणी खेळात कच्चं लिंबू व्हायला कोणालाच आवडायचं नाही, साठीत तर मुळीच आवडत नाही.

अँजिओप्लास्टी झालेल्या गृहस्थांचा निर्णय तुम्ही घेऊ नका आणि त्यांच्या मेव्हण्यालाही घेऊ देऊ नका. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना त्यांनीच विचारावं आणि प्रश्न नेमका विचारावा : ‘थांबत थांबत तास-दीड तास पायऱ्या चढू का?’ नुसतं ‘ट्रेकला जाऊ का?’ विचारलं तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर एव्हरेस्ट येतो आणि ते नाही म्हणतात, किंवा पर्वती येते आणि हो म्हणतात. डॉक्टर हो म्हणाले तर गोळ्या त्यांच्या स्वतःच्या खिशात हव्यात, बायकोच्या पर्समध्ये नकोत. ती पर्स त्या वेळी नेमकी दुसऱ्या गटात असते. छातीवर दाब, डाव्या हाताला किंवा जबड्याकडे कळ, थंड घाम यातलं काहीही वाटलं तर तिथेच बसायचं. ‘हळूहळू उतरतो खाली’ हा शहाणपणा करायचा नाही. १०८ला फोन करायचा आणि पोरांनी उचलून खाली आणायचं.

काकूंचं वेगळं. गुडघा बदललेल्या माणसाला चढ त्या मानाने सोपा जातो, उतार छळतो. उतरताना प्रत्येक पायरीला शरीराचा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो, आणि लोहगडाच्या पायऱ्या काही सोसायटीच्या जिन्यासारख्या एकसारख्या नाहीत. त्यामुळे ‘अजून दम आहे, चला वर’ हा हिशोब त्यांच्यासाठी चुकीचा. निम्मी ताकद संपायच्या आतच त्यांनी परत फिरायला हवं. हातात काठी द्या, उतरताना ती आधी खालच्या पायरीवर टेकवायची आणि मग पाय. आधीच्या दिवशी घराच्या जिन्यावर एकदा करून बघू दे.

आता दिवस कसा लावायचा ते सांगतो.

एक मोठी बस करण्यापेक्षा दोन टेम्पो ट्रॅव्हलर करा. भाजे गावातून लोहगडवाडीला चढणारा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, मोठ्या गाडीच्या भानगडीत पडूच नका. शिवाय दोन गाड्या असल्या की एक कायम लोहगडवाडीत उभी ठेवता येते. कोणाचं काही दुखलंखुपलं तर त्या एकासाठी २४ जणांचा दिवस बुडत नाही. लोणावळा लोकलने माळवलीला उतरूनही जाता येतं आणि तशी मजा वेगळी. पण दुपारच्या वेळी लोकलमध्ये मोठी फट असते आणि स्टेशनापासून चालत भाज्यापर्यंत येण्यातच काकूंचा दिवसाचा कोटा संपेल.

सहाला कोथरूडहून निघालात तर साडेसातच्या सुमारास भाज्यात. तिथे विसापूरवाले उतरतील. पाच-सहा पोरं आहेत म्हणता, त्यातली चारच विसापूरला पाठवा. उरलेल्यांचं काम पुढे सांगतो. ते तिथून विसापूर चढून, माथ्यावरची लांबलचक तटबंदी फिरून, खिंडीकडे उतरतील. वाट चुकण्याजोगी आहे, तेव्हा आधी जाऊन आलेला एकजण त्यांच्यात हवा. नसेल तर गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. माथ्यावर सावली अशी नाहीच. डिसेंबरातलं अकराचं ऊनही टोपीशिवाय डोकं भणाणून सोडतं.

बाकीचे गाडीने पुढे. खिंडवाले गायमुख खिंडीत उतरून वाडीपर्यंत चालत येतील. दोन्ही बाजूंना दोन गड, मधून वाट, जेमतेम अर्ध्या तासाची चाल आणि चढ नावापुरता. या गटात कोणीतरी चांगला गप्पिष्ट माणूस टाका. लोहगडवाले थेट वाडीत जाऊन चहा-पोहे घेतील आणि नऊच्या आत पहिल्या पायरीवर असतील. हे ‘नऊच्या आत’ महत्त्वाचं आहे. लोहगडाला आधीच रविवारी जत्रा असायची. जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं त्यात लोहगडही आहे, त्यामुळे आता तर बोलायलाच नको. जमलं तर शनिवार घ्या. आणि पावसाळ्यात हा बेत हलवायचा विचार कोणी मांडला तर तिथल्या तिथे मोडून काढा. ओल्या शेवाळलेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंनी रेटणारी गर्दी आणि बदललेला गुडघा, याला मी तरी जबाबदार राहणार नाही.

लोहगड तुम्हाला सुचवण्याचं खरं कारण त्याचे दरवाजे. पायऱ्यांची मोठी रांग चढून गेलं की गणेश दरवाजा लागतो, मग वळणावळणाने नारायण, हनुमान आणि शेवटी महादरवाजा. या चार दरवाज्यांचे तुम्ही चार थांबे करा. प्रत्येक दरवाज्यात सगळे थांबतील, डोकी मोजली जातील, आणि जो म्हणेल ‘मला इथवर पुरे’ तो तिथे थांबेल. उघड्या पायवाटेवर मध्येच दगडावर बसलेला माणूस दमलेला दिसतो, त्यालाही ते बोचतं. तोच माणूस दरवाज्यात थांबला तर गड बघायला थांबलेला असतो. गणेश दरवाज्यात बसून वर बघितलं तर बुरूज एकमेकांना कसे आड घेतात ते समजतं : पुढचा दरवाजा समोर आल्याशिवाय दिसत नाही आणि तिथे पोहोचेपर्यंत वरच्या तटावरून सगळी वाट माऱ्यात. नारायण दरवाज्यापाशी भात-नाचणी साठवण्याचं भुयार आहे, टॉर्च घेऊन आत डोकवा. आठ वर्षांच्या पोरीला संपूर्ण गडापेक्षा तेच जास्त आवडेल. हनुमान दरवाजा या चौघांत सगळ्यात जुना. खिंडवाल्यांनाही वाडीतून गणेश दरवाज्यापर्यंत यायचं असेल तर येऊ द्या, घाई नाही.

आता ते उरलेल्या पोरांचं काम. सगळ्यात दणकट मुलगा सगळ्यात शेवटी चालेल. पुढे नाही, शेवटी. पुढे कोणीतरी संथ, वाट माहीत असलेलं माणूस हवं. ७२चे काका चालतील, त्यांना आवडेलही. नियम एकच : पुढच्याच्या पुढे कोणी नाही, शेवटच्याच्या मागे कोणी नाही. पोरगा कुरकुरेल. त्याला सांगा, नळीची वाट चढायला पायात दम लागतो, शेवटी चालायला डोक्यात लागतो.

आणि ताई, एक गोष्ट तुम्हाला स्वतः डोळ्यांत तेल घालून बघावी लागेल. पुढचे लोक जाऊन दरवाज्यात बसतात, पाणी पितात, चिक्की खातात, सेल्फी काढतात. दहा मिनिटांनी मागचे धापा टाकत पोहोचतात. त्यांना बघितलं की पुढचे कपडे झटकत उठतात आणि म्हणतात, ‘चला, आले सगळे. निघू या!’ झालं. ज्याला विश्रांती मिळाली त्याला तिची गरज नव्हती, आणि ज्याला गरज होती त्याला एक मिनिट मिळालं नाही. चार दरवाज्यांत चार वेळा हेच घडलं की तो माणूस पाचव्यांदा ट्रेकला येत नाही, आणि का येत नाही ते सांगतही नाही. म्हणून थांब्याची वेळ शेवटचा माणूस बसला की सुरू होते. तो पाणी प्यायला, त्याने बूट सैल केले, पुन्हा बांधले आणि तो ‘चला’ म्हणाला की निघायचं. ‘ते येतील मागून’ या तीन शब्दांवर त्या दिवसापुरती बंदी घाला.

वेळेचा अंदाज कसा करायचा, हे पुढच्या वर्षांसाठीही लक्षात ठेवा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा दिला तो अजून वापरतात : दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. पण तो हिशोब धडधाकट माणसाचा, थंड हवेतला, न थांबता चालण्याचा. आपल्याकडच्या उन्हात, आठ वर्षांची मुलगी, तीन फोटोग्राफर आणि एक गुडघा धरून आलेला आकडा दुप्पट करा. पोरं लोहगड अर्ध्या-पाऊण तासात चढतील. तुम्ही दीड तास धरा. लवकर पोहोचलात तर नाना फडणवीसांनी बांधलेली सोळा कोनांची बाव निवांत बघा, कोणी नको म्हणणार नाही.

वर गेल्यावर सगळ्यांना विंचूकाटा खुणावेल. डोंगराची ती लांब सोंड वरून सपाट, सोपी दिसते, पण तिच्यावर उतरायला सुरुवातीला कातळाचा एक छोटा टप्पा आहे. तिथे कोण जाणार आणि कोण जाणार नाही, हे खाली वाडीतच ठरवा. वर वाऱ्यात उभं राहून ठरवायला गेलात तर चढाओढ लागते. जे जाणार नाहीत त्यांनी वरूनच बघावा. पूर्ण नांगी तिथूनच दिसते, सोंडेवर चालणाऱ्याला फक्त समोरचं गवत.

साडेअकरा वाजता, जो जिथे असेल त्याने तिथून खाली फिरायचं. ही वेळ आदल्या रात्री ग्रुपवर लिहून टाका, म्हणजे वर गेल्यावर वाद नको. डोंगरात रेंज येते-जाते, त्यामुळे ‘पोहोचलो की फोन करतो’ यावर काही बेतू नका. तोपर्यंत विसापूरवाले खिंडीतून वाडीत आलेले असतील. त्यांनी पाणी पिऊन लगेच लोहगडाच्या पायऱ्यांना लागायचं आणि गणेश दरवाज्याच्या आसपास उतरणाऱ्यांना गाठायचं. पाय थरथरायला लागलेले असतात ते याच वेळी, आणि हात धरायला चार ताजे हात (म्हणजे त्यातल्या त्यात ताजे) मिळाले तर बरंच.

एक वाजता वाडीत जेवण. पिठलं-भाकरी, ठेचा, भात. चार दिवस आधी फोन करून माणसांचा आकडा द्या. त्याच घरी बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय आहे का ते विचारा आणि जिथे आहे तिथेच जेवण सांगा. गडावर ती सोय मिळेल या भरवशावर राहू नका. हा विषय पुरुष आयोजकांना कधी सुचत नाही. मग बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. माणशी दोन लिटर पाणी हवंच, सोबत ओआरएसची पाकिटं. बूट नवे नकोत आणि तळवे झिजलेलेही नकोत. अत्तर, डिओ नको, कड्याकपारीत आग्या मोहोळं असतात. धूर, आरडाओरडा, दगड मारणं यातलं काहीही होता कामा नये. ब्लूटूथ स्पीकर आणणाऱ्याला वाडीतच भांडी घासायला ठेवा, हे माझं वैयक्तिक मत.

जेवणानंतर पुन्हा चढाई नाही. गाड्यांनी भाज्याला उतरा आणि चारच्या आत लेण्यांकडे वळा, संध्याकाळी ती बंद होतात. तिथेही पायऱ्या आहेत. सकाळी काकूंना राखून चालायला सांगितलं ते यासाठीच. ही लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. मोठ्या चैत्यगृहात उभं राहून मान वर करा : दगडात कोरलेल्या कमानीला लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या आहेत. दगडाच्या छताला लाकडाची काय गरज, हे मुलांना विचारून बघा. आधी लाकडी मंडप बांधणाऱ्यांच्या हाताची सवय होती ती. छताला त्या फासळ्यांचा आधार लागत नाही. बाजूला चौदा स्तूपांचा पुंजका आहे आणि टोकाच्या विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र. तिन्ही गट दिवसभरात एकत्र काही बघतील ते हेच. म्हणून दमून ‘आता सरळ घरी’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. अंधार पडायच्या आत गाड्या हायवेला लागलेल्या असतील.

वर्गणीचं म्हणाल तर सगळ्यांची सारखी. खिंडवाल्यांना सूट द्यायचं कोणाच्या डोक्यात असेल तर तो प्रस्ताव मीटिंगपर्यंत येऊच देऊ नका. त्यांची गाडी तीच, जेवण तेच. वाटाड्या घेतलात तर त्याचे पैसे विसापूरवाल्यांनी आपसांत वाटून घ्यावेत. आठ वर्षांच्या मुलीचेही पूर्ण घ्या, गाडीत सीट तिलाही लागणारच. आणि पैसे पर्वतीच्या रविवारीच गोळा करा. गाड्यांचा ॲडव्हान्स आणि जेवणाचा विसार तेव्हाच द्यावा लागेल, आणि पैसे भरलेला माणूस आदल्या रात्री सर्दी झाल्याचं कळवत नाही.